इथं पूर्वी काय होतं

मुळशीत राहणाऱ्या माणसाचा पत्ता विचारणाऱ्यावर ठरतो. पौडच्या बाजारात कुणी विचारलं, तर आम्ही गाव, वाडी, आळी, भावकी अशा खोलात शिरतो. कोथरूडमध्ये विचारलं, तर ‘चांदणी चौकाच्या थोडं पुढे’ म्हणतो. ते थोडं किती, हे सांगत नाही. आणि जिल्ह्याबाहेर कुणी विचारलं, तर सरळ ‘पुण्याला’ म्हणून मोकळे होतो. यात लबाडी काही नाही. जिल्हा पुणेच आहे. ज्या हिंजवडीच्या काचेच्या इमारती दाखवून पुणं परदेशात मिरवतं, ती हिंजवडी कागदोपत्री मुळशी तालुक्यात येते. पुण्याच्या दोन्ही नद्या, मुळा आणि मुठा, आमच्याच डोंगरांतून निघतात. माहेराहून निघताना दोघी चांगल्या धडधाकट असतात. सासरी, संगमावर पोचेपर्यंत त्यांचं काय होतं, ते बघायला आम्ही फारसे जात नाही.

‘पुण्याला राहतो’ या वाक्याची वसुली मे महिन्यात होते. शाळांना सुट्ट्या लागल्या, की विदर्भापासून कोकणापर्यंत पसरलेल्या नातेवाइकांना एकदम आठवतं की पुण्यात आपलं एक घर आहे. ते येतात, पौडला उतरतात, चहूकडचे डोंगर बघतात आणि विचारतात, “पुणं अजून किती लांब?” पोहे होईपर्यंत सगळा उलगडा होतो, पण तोवर बॅगा घरात आलेल्या असतात. मग त्यांना पुणं दाखवणं माझ्या गळ्यात पडतं. सगळी नोकरी मास्तरकीत गेली, त्यातही इतिहास शिकवण्यात, त्यामुळे सुटका नाही.

यंदा अकोल्याचे साडू आले. सोबत थोरली मेव्हणी आणि कॉलेजात जाणारा मुलगा. साडू निवृत्त तलाठी. तलाठ्याचा डोळा निराळाच असतो. आपण डोंगर बघतो, ते हद्द बघतात. आपण आंब्याचं झाड बघतो, ते झाड कुणाच्या बांधावर उभं आहे ते बघतात. कुठल्याही जागेवर उभे राहिले, की पाचव्या मिनिटाला त्यांच्या तोंडून ‘सातबारा कोणाच्या नावानं हाय?’ हा प्रश्न येतोच. काशीला विश्वेश्वरासमोरही त्यांनी तो विचारला होता, असं मेव्हणीबाई सांगतात.

पोराच्या मोबाईलमध्ये यादी तयार होती. पुण्यात आल्यावर चुकवू नये अशी ठिकाणं. शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, दगडूशेठ, तुळशीबाग, विश्रामबाग वाडा, केळकर संग्रहालय, पाताळेश्वर, पर्वती, सारसबाग, आगाखान पॅलेस आणि संध्याकाळी सिंहगडावर सूर्यास्त, पिठलं-भाकरी. हे सगळं एका दिवसात. यादी करणाऱ्याने पुण्यात कधी गाडी लावायला जागा शोधलेली नसावी.

सुरुवात अर्थातच शनिवारवाड्यापासून. दिल्ली दरवाजा पाहून साडू खूश झाले. हत्तीने धडक देऊ नये म्हणून दारावर बसवलेले अणकुचीदार खिळे त्यांनी जवळ जाऊन न्याहाळले, बुरूज नजरेनं मोजले. मग आम्ही आत शिरलो. पुढे हिरवळ, फुलझाडं, दगडी जोती आणि कारंज्याचे हौद. साडू थोडं चालले, थांबले, मागे वळून दरवाजाकडे आणि पुन्हा पुढे पाहिलं.

“दरवाजा झ्याक हाय साडूभाऊ. आता वाडा दाखवा.”

“हाच वाडा.”

“हे तं जोतं हाय.”

इथून मास्तरकी सुरू होते. मी बोट वर केलं. वाड्याची पायाभरणी झाली १० जानेवारी १७३० रोजी, तो शनिवार होता. वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी, तोही शनिवारच. थोरल्या बाजीरावांनी बांधला, तेव्हाचा खर्च १६,११० रुपये. (“इतल्यात आता कंपाउंड होत नाही,” साडू म्हणाले.) इकडे गणेश रंगमहाल, तिकडे आरसेमहाल, त्या बाजूला हस्तिदंती महाल. हे हजारी कारंजं. याला पाणी यायचं थेट कात्रजच्या तलावातून, नानासाहेब पेशव्यांनी जमिनीखालून बांधलेल्या नळातून, पंप नाही, मोटर नाही, नुसत्या उतारावर. आणि मग १८२८च्या फेब्रुवारीत आग लागली. ती सात दिवस जळत राहिली. भोवतीचा तट आणि दरवाजे दगडी, म्हणून राहिले. बाकी सगळं सागवान होतं.

माझं बोट हवेत महाल उभे करत फिरत होतं. पाहता पाहता आजूबाजूची दहा-बारा परकी माणसं जमली आणि ज्या हवेकडे मी बोट दाखवत होतो, त्या हवेचे त्यांनी फोटो काढले. इतक्यात कडेच्या बाकावर पेपर वाचत बसलेले एक गृहस्थ उठले. पायात चपला, हातात कापडी पिशवी. शांतपणे म्हणाले, “फेब्रुवारीत नव्हे. सत्तावीस फेब्रुवारीला. सांगायचं तर नीट सांगावं.” आणि पुन्हा जाऊन बसले. साडूंना वाटलं, हा सरकारी मार्गदर्शक असणार. मी त्यांना सांगितलं, पुण्यात ही सोय फुकट असते.

पोराला आगीचं काही नव्हतं. त्याच्या यादीत शनिवारवाड्यापुढे भुताचं चित्र होतं. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३चा. तेव्हापासून ‘काका मला वाचवा’ ही हाक रात्री ऐकू येते, असं अख्खा महाराष्ट्र छातीवर हात ठेवून सांगतो. “आपण रात्री थांबायचं का?” पोराने विचारलं. मी म्हटलं, वाडा संध्याकाळी बंद होतो, भुताची पाळी त्यानंतरची. त्यामुळे दोघांची गाठ पडत नाही.

तिथून चालत लाल महाल. साडूंचा चेहरा उजळला, कारण इथं भिंती होत्या, छप्पर होतं, आत जाता येत होतं. १६६३च्या एप्रिलमध्ये शिवाजीमहाराजांनी रात्री शिरून शाईस्तेखानाची बोटं छाटली ती जागा हीच, म्हटल्यावर त्यांनी खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवला. मग माझी मास्तरकी मला गप्प बसू देईना. शहाजीराजांनी बांधलेला मूळ लाल महाल केव्हाच नाहीसा झाला. ही वास्तू पुणे महापालिकेने बांधली, १९८८ साली पूर्ण झाली. साडूंनी चौकटीवरचा हात काढून घेतला.

“मंजे हे बांधकाम झालं तवा मी नोकरीत होतो.”

“हो.”

“मंग बोटं कुठी तुटली?”

“इथंच. म्हणजे इथल्याच हवेत.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं जमीन दुसऱ्याच्या नावावर निघाल्यावर खरेदीदाराकडे पाहत असतील.

पुण्याचं हे असंच आहे आणि ते पाहुण्याला आधी सांगून ठेवावं. हे नसलेल्या गोष्टी दाखवणारं शहर आहे. बुधवार वाडा म्हणाल तर तो १८७९च्या आगीत गेला. दगडूशेठ गणपतीच्या समोरच भिडेवाडा होता. १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी तिथं मुलींची शाळा काढली. त्या वाड्याच्या पडक्या भिंती मी अनेकांना दाखवल्या. २०२३च्या डिसेंबरात पालिकेने त्याही उतरवल्या, तिथं राष्ट्रीय स्मारक व्हावं म्हणून. आता मी तिथं भिंतींऐवजी जागा दाखवतो. सांगायचं तेच सांगतो आणि खरं सांगायचं तर लोक पूर्वीपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकतात. भिंत असली की माणसं भिंत बघतात.

पुलांचंही तसंच. लकडी पुलात लाकूड नाही. पानिपताच्या वर्षी, १७६१मध्ये बांधला तेव्हा होतं. नवा पूल १९२३ सालचा आहे. त्याची शंभरी उलटली तरी कुणी त्याचं नवेपण काढून घेतलेलं नाही. आणि सारसबागेतला गणपती म्हणजे तळ्यातला गणपती. नानासाहेबांनी पर्वतीच्या पायथ्याशी आंबील ओढ्याचं पाणी अडवून तळं केलं, मध्ये बेट ठेवलं. सवाई माधवरावांच्या काळात बेटावर गणपती बसला. आज बेट आहे, गणपती आहे, भोवती हिरवळ आणि भेळेच्या गाड्या आहेत. तळं गेलं. साडूंनी हिरवळीवर बसून भेळ खाताना सहज विचारलं, “मंजे आपण आता पाण्यात बसलो हाओत?” मी हो म्हणालो. तलाठ्याच्या हिशेबात हे बसत होतं. नदीपात्रात घरं बांधलेली त्यांनी आयुष्यभर पाहिली होती.

जे अजून उभं आहे तेही पाहिलं. विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीरावाचा, लाकडी नक्षीच्या देखण्या खांबांचा, गजबजलेल्या रस्त्यावर निमूट उभा. पाताळेश्वर आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटांच्या काळचं. काळ्या पाषाणात वरून खाली कोरत गेलेलं आणि मध्येच सोडून दिलेलं. पुढचा गोल नंदीमंडप मला फार आवडतो. जंगली महाराज रस्त्याच्या आवाजापासून चार पावलं खाली उतरलं, की एकदम गार वाटतं. अर्धवट राहिलेलं काम बाराशे वर्षं टिकलं याचं पोराला नवल वाटलं. त्याच्या आईला मुळीच वाटलं नाही. “यांनी सुरू केलेली आपली गच्चीची खोली पण तशीच टिकणार हाय,” ती म्हणाली.

केळकर संग्रहालयात मात्र आमची दुपार गेली. दिनकर केळकर हे ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहिणारे गृहस्थ. लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी हे संग्रहालय उभं केलं. वीस हजारांवर वस्तू. त्यात राजेरजवाड्यांच्या तलवारी थोड्या आणि घराघरांतल्या वस्तू फार. अडकित्ते, दिवे, वज्ऱ्या, दौती, कुलपं, लहान मुलांची खेळणी. गावोगाव हिंडून, लोकांनी अडगळीत टाकलेलं हे सगळं त्यांनी पैसे मोजून घरी आणलं आणि पुढे सरकारला देऊन टाकलं. मेव्हणीबाई एकेका अडकित्त्यापुढे उभ्या राहत होत्या. “असा आईचा होता. मोडीत दिला, स्टीलचं पातेलं घेतलं.” पुढच्या कपाटाशीही तेच, वस्तू तेवढी बदलायची. त्यांच्या आईचं निम्मं घर त्या संग्रहालयात निघालं.

वरती मस्तानीमहाल आहे. मूळ कोथरूडचा, तिथून अवशेष आणून इथं पुन्हा जोडलेला. तोही आपल्या जागी नाही, हे साडूंनी आता न विचारताच ओळखलं. फक्त म्हणाले, “कोथरूडच्या जागेचं काय झालं?” मी म्हटलं, कोथरूडच्या जागेचं काय झालं ते आपण येताना दोन तास गाडीत बसून पाहिलं.

तुळशीबागेबद्दल फार लिहीत नाही. पेशव्यांचे सुभेदार नारो आप्पाजी यांनी अठराव्या शतकात तिथं राममंदिर बांधलं. त्याचं उंच शिखर लांबून दिसतं. मेव्हणीबाईंनी रामाला नमस्कार करायला दोन मिनिटं घेतली आणि मंदिराभोवतीच्या दुकानांना बाकीची संध्याकाळ दिली. सिंहगडाचा सूर्यास्त त्यामुळे आम्ही बांगड्यांच्या दुकानासमोर उभं राहून साजरा केला. साडूंनी त्या वेळात दुकानांच्या जागा भाड्याच्या की मालकीच्या याची माहिती काढली. ती त्यांना कुणीही दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पर्वती. एकशे तीन पायऱ्या. नानासाहेब पेशवे पानिपताच्या दुःखात १७६१च्या जूनमध्ये इथंच गेले. १८१७च्या ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली, तेव्हा दुसरे बाजीराव इथं उभे राहून ती पाहत होते. शत्रू खाली, मराठी फौज खाली, पेशवे वर. “मंजे कामावर देखरेख,” साडू म्हणाले. माझ्या शेजारून बरेच पुणेकर चढत-उतरत होते, पण त्यातला एकही इतिहासासाठी आलेला नव्हता. कुणाची साखर, कुणाचा रक्तदाब, कुणाचा गुडघा. सरकारी पुरातत्त्व आणि खासगी वैद्यक यांचा इतका चांगला मेळ दुसरीकडे बघायला मिळत नाही.

मग आगाखान पॅलेस. आगाखानांनी १८९२ साली बांधलेला, कमानींचा, मोठ्या बागेचा. १९४२च्या ऑगस्टमध्ये गांधीजींना इथं आणून ठेवलं. आठवडाही झाला नाही तोच महादेवभाई देसाई गेले, १५ ऑगस्टला. १९४४च्या फेब्रुवारीत कस्तुरबा गेल्या. दोघांच्या समाध्या मागच्या बागेत आहेत. महालाला तुरुंग केलेली ही एकच जागा अशी, जिथं मला बोट वर करावं लागलं नाही आणि साडूंनी सातबारा काढला नाही. पोरानेही फोन खिशात ठेवला. बाहेर आल्यावर त्याने एवढंच विचारलं, की पाच वर्षांनी, त्याच तारखेला स्वातंत्र्य मिळणार हे महादेवभाईंना कुणी सांगितलं असतं तर? इतिहासाच्या मास्तराला असा प्रश्न वर्गात क्वचित मिळतो. मी त्याला दोन मस्तान्या पाजल्या.

गंमत अशी, की या दोन दिवसांत अस्सल पुणेकर आम्हाला यांपैकी जवळजवळ कुठेच भेटला नाही, बाकावरचे ते गृहस्थ आणि पर्वतीचे गुडघे सोडले तर. शनिवारवाडा पुणेकराने शाळेच्या सहलीत आतून पाहिलेला असतो, नंतर सिग्नलला थांबल्यावर बाहेरून. पुणेकर कुठे जातो, हे रविवारी आमच्या अंगणात उभं राहिलं की कळतं. तो चांदणी चौकातून निघतो, भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड करत मुळशीकडे येतो. पावसाळ्यात तर विचारू नये. ताम्हिणीच्या प्रत्येक धबधब्याखाली एकेक सोसायटी उभी असते.

चांदणी चौकाचीही एक गोष्ट साडूंना सांगितली. तिथला जुना पूल २०२२च्या ऑक्टोबरात मध्यरात्री स्फोटकं लावून पाडला. अर्धं पुणं टीव्हीसमोर जागं होतं. मोठा आवाज झाला, धूळ उडाली, धूळ बसली आणि पुलाचा बराच भाग अजून तिथंच. उरलेलं काम पोकलेन यंत्रांनी केलं. नसलेल्या गोष्टींची आवड इतकी मुरलेली, की वस्तू नाहीशी होतानाही पुणं बघायला बसतं.

तिसऱ्या दिवशी साडू अंगणात खाटेवर बसून म्हणाले, “पुणं झालं. तुमच्याकडं काय पाह्यासारखं हाय?” हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून मी जरा गडबडलो. मग किल्ल्यांची नावं घेतली: कोरीगड, घनगड, कैलासगड. त्यांनी आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. मी गाडी काढली आणि त्यांना मुळशीच्या धरणाकाठी घेऊन गेलो.

रविवार होता. काठाला गाड्यांची रांग, कणसं, भजी, फोटो. वरच्या अंगाला हॉटेलं. त्यांत पाण्याकडे तोंड असलेल्या खोलीचं भाडं जास्त, डोंगराकडे तोंड असलेलीचं कमी. प्लॉटच्या जाहिरातींत तर पाणी जवळजवळ खिडकीतून आत येतं. पोर म्हणालं, “काय लेक आहे!” साडूंनी पाणी पाहिलं, पलीकडचा काठ पाहिला, मग डोंगराचा उतार पाण्यात कसा शिरतो ते पाहिलं आणि तलाठ्याच्या आवाजात म्हणाले, “साडूभाऊ, हे तळं नाही. ही तं गावं असतीन. खाली खाचरं हायत. गावठाण कुठी होतं?”

मी इतकी वर्षं पाहुणे आणतोय. गावठाण कुठे होतं, असं याआधी मला कुणी विचारलं नव्हतं.

मी बोट वर केलं. वर म्हणजे, खरं तर खाली. इथं नीला नदी मुळेला मिळायची. हे सगळं मुळशी पेट्याचं खोरं, मावळ्यांच्या भातखाचरांचं, आंबेमोहर पिकवणारं. पहिल्या महायुद्धानंतर टाटांच्या वीज कंपनीने इथं धरणाचं काम काढलं. सरकारने भूसंपादनाच्या कायद्याने जमिनी घेऊन दिल्या. पन्नासएक गावं त्यात जात होती. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी, इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. चालू कामावर जाऊन बसले, बायाबापड्यांसकट. घोषणा होती, ‘जान किंवा जमीन’. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट पुढारी झाले. हा माणूस शिष्यवृत्तीवर एडिंबरोला शिकायला गेला होता, तिथून पॅरिसला जाऊन बॉम्ब बनवण्याची कृती घेऊन परत आला होता आणि नंतर हातात झाडू घेऊन गावं झाडत होता. त्यांना सेनापती म्हणू लागले ते याच लढ्यापासून. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या जोडीला होते. तुरुंगवाऱ्या झाल्या. शेवटी बापटांनी धरणाच्या कामावर जाणारी आगगाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा घेतली.

“मंजे कालचा तो सेनापती बापट रोड?” पोराने विचारलं. आदल्या दिवशी त्या रस्त्यावर, मॉलच्या समोर, आम्ही बराच वेळ एकाच जागी होतो.

“तोच. धरण थांबवायला निघालेल्या माणसाच्या नावाचा रस्ता आहे, म्हणून तिथं गाड्या थांबतात,” मी म्हणालो. १५ ऑगस्ट १९४७ला पुण्यात झेंडा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला होता, हेही सांगितलं.

साडूंना पुढाऱ्यापेक्षा कागदात रस होता. “जमिनी कोणाच्या नावानं होत्या? मोबदला कोणाले भेटला?” बरोबर जागी बोट ठेवलं होतं त्यांनी. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या. सावकारांना मोबदल्याशी काम होतं, कसणाऱ्यांना जमिनीशी. लढा ढिला पडला त्याचं एक कारण हे. १९२७च्या सुमाराला धरण पुरं झालं. मग पाणी डोंगराच्या पोटातून आणि मोठ्या नळांतून कोकणात भिऱ्याला उतरवलं, तिथं वीज केली. ती मुंबईला गेली. गिरण्या चालल्या, गाड्या धावल्या, दिवे लागले. पैसा पुण्याला, पाणी कोकणाला, वीज मुंबईला. मुळशीला काठ राहिला.

“अन् ते पाणी पुढं?”

“भिऱ्याहून सोडलेलं पाणी कुंडलिका नदीत जातं. त्यावर कोलाडला रबरी होड्यांत बसून लोक आरडाओरडा करत जातात. शनिवार-रविवारी पुण्याहूनच येतात.”

पोराने लगेच फोन काढला. कोलाड त्याच्या दुसऱ्या यादीत होतं.

साडू बराच वेळ काठावर उकिडवे बसून होते. एका काटकीने त्यांनी चिखलात नकाशा काढला: नदी, ओढा, गावठाण इथं असणार, मसणवटा ओढ्याच्या खालच्या अंगाला, देऊळ वरच्या अंगाला, गायरान त्या टेपाडावर. अकोल्याच्या माणसाने मुळशीचं खोरं कधी पाहिलं नव्हतं, पण चाळीस वर्षं गावं मोजलेली. कुठल्याही मराठी गावात काय कुठे असतं, हे त्यांच्या बोटांत होतं. पलीकडे फोटो काढणारं एक जोडपं थांबून बघू लागलं. मग आणखी एक कुटुंब. मुलीने विचारलं, “काका, इथं काय होतं?” आणि साडूंनी, ज्यांना परवा शनिवारवाड्यात नुसतं जोतं दिसलं होतं, काटकी उचलली आणि पाण्यावर फिरवत सांगायला सुरुवात केली. पाटलाचा वाडा इथं. चावडी इथं. हा रस्ता बैलगाडीचा. मला माहीत होतं की यातलं निम्मं ते मनाने सांगत आहेत. पण त्यांनी ते मोजणीच्या नकाशाबरहुकूम सांगितलं, म्हणून मी मध्ये पडलो नाही. सनावळीला मात्र मी पाठीमागून ‘सोळा एप्रिल’ म्हणालो. राहवलं नाही. माझ्या पायातही चपलाच होत्या.

पाहुणे परत गेले. मेव्हणीबाईंच्या पिशवीत तुळशीबाग होती. साडूंनी आमच्याकडचा आंबेमोहर मागून घेतला आणि पोत्यावर गटनंबर लिहून घेतला.

आठवड्याने फोन आला. अकोल्यात साडू पुण्यावर व्याख्यानं देत सुटले आहेत असं मेव्हणीबाईंनी आधी सांगितलं. शनिवारवाड्याची आग त्यांच्या तोंडी आता पंधरा दिवस जळते. कुणीतरी ‘सात दिवस’ म्हणालं, तर साडू म्हणाले, “मी जाऊन आलो हाओ की तुम्ही?” मग त्यांनी फोन घेतला. त्यांचे व्याही दिवाळीत येणार आहेत, आठ माणसं. पुण्याला राहणाऱ्या साडूंकडेच उतरणार.

“त्यांना शनिवारवाडा नका दाखवू. तिथं काई नाही. त्यांना ती पाण्याखालची गावं पाह्याची हायत. मी सगळं सांगून ठेवलं हाय, फक्त किती वाजता उघडते तेवढं विचारून ठेवा. अन् सोमवारी बंद तं नसते ना?”